खंडन कुठे थांबवायचं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या बाई, आणि चहाच्या आशेने का होईना, बसून राहिलेले सुहृदहो,

सोमवारपासून बाईंचा वर्ग माझ्याकडे येतो आहे. सगळे अभिनंदन करताहेत. मला मात्र धास्ती वाटते.

बाई आम्हाला बौद्ध दर्शनातली शून्यता शिकवत. वर्गाचा नियम एकच. बसलेल्याने काहीतरी ठामपणे मांडायचं. उभ्याने स्वतःचं मत मुळीच न मांडता, त्याच्याच बोलण्यातून त्याला अडचणीत आणायचं. मी उभा राहिलो की समोरच्याची दातखिळी बसे. मुलं मला 'कात्री' म्हणत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचं पुस्तकबांधणीचं दुकान बंद पडलं. एका दुपारी तो म्हणाला, "तुमच्यात सगळं शून्यच ना रे? मग मी असलो काय, नसलो काय?"

मी काय करावं? लगेच उभा राहिलो. "दादा, तू नसशील, तर हे विचारतंय कोण?"

तो हसला, चपला घातल्या आणि गेला. मी ही गंमत बाईंना सांगायला धावलो. त्यांनी खडू खाली ठेवला. "वाद जिंकलास. दादा कुठाय?"

दोन तास आम्ही शोधलं. पुलाच्या कठड्याशी सापडला. बाई त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "शून्य म्हणजे 'नाही' असं नव्हे हो. कुठलीच गोष्ट एकटीच्या बळावर उभी नाही, एवढंच. माझ्या पोथ्यांची बांधणी सुटली तर मी कुणाच्या दारात जाऊ?" तेव्हा दादा रडला. तो चौथ्या रांगेत बसलाय. हे सांगायची परवानगी त्याचीच.

आज सकाळी एका विद्यार्थिनीने मला जवळजवळ दादाच्याच शब्दांत तेच विचारलं. बिनतोड उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं, पण म्हणालो काय, तर "समारंभानंतर भेटू." माणसाने असं म्हणावं का? तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आता या खिडकीतून दिसतंय, वाचनालयाबाहेरच्या बाकावरून ती उठते आहे.

अध्यक्ष महोदय, भाषण अर्धवट सोडतो. आभार मानायचे राहिले, हार घालायचा राहिला. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला.

बाई, तुम्ही उठू नका. आज मी जातो.