वळणाच्या शेवटी नजर

माझा मित्र जनार्दन याला मोटारसायकल चालवण्यापेक्षा ती कशी चालवावी हे सांगण्याची हौस अधिक. नव्वद सालाच्या आसपास मी कोन गावी मुलगी पाहायला निघालो, तेव्हा पनवेलहून मला नेण्याचे सत्कार्य त्याने आपणहून पत्करले. स्थळ मनात भरले होते, म्हणून मी नवा पांढरा सदरा घालून मागे बसलो.

"वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात ब्रेकला हात नाही," तो भरधाव जाताना सांगू लागला. "आणि नजर वळणाच्या शेवटी. जिथे पाहशील तिथे गाडी जाते."

"तू पाहा, म्हणजे झाले."

कोनचे वळण आले. गाडी सुरेख कलली.

"तुझी नजर कुठे आहे?" असे विचारत, खात्री करून घेण्यासाठी, त्याने मान मागे वळवली.

वळणाकडे कोणीच पाहत नसल्याने गाडी वळली नाही. आम्ही भातखाचरात उतरलो.

"तू उलट बाजूला कललास," चिखलात बसूनच त्याने निदान केले.

बांधावर मुलीचे वडील उभे होते. त्यांनी सारे पाहिले होते.

"नवरामुलगा कोन? चालवनारा का मागं बसलेला?"

"मागे बसलेला," मी म्हणालो.

त्यांनी घराकडे हाक दिली, "पोहे टाका गो. चालवनारा नाय."