डॉक्टरांच्या पायऱ्यांवरचा बर्फ

"तान्हं बाळ घेऊन डॉक्टर नसलेल्या गावात राहू नकोस," असं आई बजावत होती. मी हसण्यावारी नेलं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नसला तरी डॉक्टरांसारखीच रुग्ण तपासणारी फिजिशियन असिस्टंट जोलीन होती. आज बाळाचा कान दुखत होता म्हणून तिथे बसले होते, तेव्हा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याचं आणि म्हातारीचं बोलणं कानावर पडलं.

"व्हर्लिन, डॉक्टर लिंडक्विस्टांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढलास?"

"काढला, पुन्हा गोठू नये म्हणून वर मीठही टाकलं. तू जेवण दिलंस का, आर्डिथ?"

"दिलं. बिनमिठाचं चिकन. त्यांना ब्लडप्रेशर आहे."

"बिचारे! पायऱ्यांना मीठ, ताटात नाही. निवृत्त माणसाचे किती हे लाड!"

"लाड कसले? कायद्याने जोलीनवर देखरेखीला डॉक्टर लागतो. ते अजून परवाना चालू ठेवून घरून फोनवर असतात म्हणून ती आपल्याला तपासू शकते. ते घसरून पडले, तर दवाखान्याला कुलूप."

"मी केली असती देखरेख. जन्मभर गाई तपासल्यात."

"जनावरांचा डॉक्टर चालत नाही."

"मग गुडघा दुखला की माझ्याकडे का येतेस?"

"गप रे! बातमी ऐक. शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरबाई तयार झाल्यात. सोमवारपासून देखरेख त्यांची."

"म्हणजे सोमवारपासून मी सकाळी उशिरापर्यंत झोपायला मोकळा?"

"का? लिंडक्विस्टांच्या दारात बर्फ पडायचा थांबणार आहे?"

"बरं, सकाळी सहाला जाईन."

"चिकन घेऊन जा."

तेवढ्यात जोलीनने आम्हाला आत बोलावलं.

तुमच्या गल्लीत एखादे निवृत्त डॉक्टर एकटे राहत असतील, तर आज जरा त्यांचं दार वाजवून बघाल का?