चटईवरची झोप

शाळांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दुबईत यायच्या आधी आम्ही तीन वर्षं बँकॉकला होतो. माझी मुलगी सई तिथे बालवर्गात जायची. जेवण झालं की मुलं बूट दाराबाहेर काढायची, वर्गातच चटईवर आडवी व्हायची आणि टीचर एकेकाला थोपटून झोपवायची. आम्ही परदेशी लोक जमलो की थाई शाळांना नावं ठेवायचो. "फी काय झोपायची भरतो का आपण?" हे सगळ्यात जोरात मीच म्हणायचो. शेवटी सईच्या अभ्यासासाठी म्हणून दुबईची नोकरी धरली.

इथे पहिलीतल्या पोरीला पहाटे साडेपाचला स्कूल बस, आणि दुपारी अडीचला ट्युशन. दोन महिन्यांत शाळेतून बोलावणं आलं. टीचर म्हणाली, "सर, आपकी बेटी टिफिन के बाद सो जाती है. जूते दरवाज़े के बाहर रखके, नीचे फर्श पे."

मी सॉरी म्हणून सईला घेऊन बाहेर पडलो. टॅक्सीत बसल्या बसल्या सईला झापायला लागलो, पण ऊद मेथा भागातल्या ट्रॅफिकमध्ये माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा सई बूट काढून सीटवर गुडघे टेकून बसली होती आणि माझा खांदा थोपटत होती.

"यू वेअर सो टायर्ड, बाबा," ती हळूच म्हणाली.

ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साब, मनखूल? घर?"

मी घड्याळ बघितलं. अडीच वाजून गेले होते.

"घर नहीं, पहले ट्युशन. यल्ला, जल्दी, लेट हो गया."

सईने बूट घातले.