मागची चेन

टेलरताई: अहो, शटर तरी वर जाऊ द्या माझं! दुकान उघडायच्या आधीच दारात उभ्या? आणि एवढ्या उकाड्यात हा लांब कोट कशाला चढवलाय?

मॅडम: आधी आत चला. सांगते.

टेलरताई: या. तो पडदा ओढून घ्या, मी दिवा लावते. हां, आता ओळखलं. निळा ड्रेस तुमचाच ना? आतून पट्टा, बाजूच्या शिवणीत ताठ काड्या, पोट सपाट नि कंबर बारीक. काल लग्न होतं तुमच्या दिराच्या मुलीचं. कसा बसला अंगावर?

मॅडम: बघा ना. हा काढला कोट.

टेलरताई: अगं बाई! अजून अंगावरच!

मॅडम: निघत नाही, ताई. मला अकराला ऑफिसात जायचंय.

टेलरताई: म्हणजे रात्री झोपलात यातच?

मॅडम: झोपते कसली. खुर्चीत बसून राहिले. आडवं झालं की काड्या बरगड्यांत घुसतात.

टेलरताई: घुसणारच. ताठ उभं राहायला घातल्यात त्या, लोळायला नाही. वळा बघू. पाठ दिव्याकडे करा. अरे देवा, काय केलंत हे! आतलं अस्तर चावलंय की चेनीने. ओढलीत कशाने?

मॅडम: आधी हाताने. हात पोचेना. मग चेनीला एक रिबीन बांधली, तिचं दुसरं टोक दाराच्या कडीला. आणि पुढे चालत गेले.

टेलरताई: दाराला बांधून घेतलंत स्वतःला?

मॅडम: हसू नका.

टेलरताई: हसत नाहीये. बरं, थोडं हसले. पण माणसं ओळखण्यात माझी कधी चूक होत नाही, म्हणून विचारते. असा आवळणारा ड्रेस शिवायला घेतला की मापं नंतर, पहिला प्रश्न माझा ठरलेला. घरी मागची चेन लावायला कोणी आहे का? असेल तर चेन मागे, नसेल तर बाजूला. मागची दिसते सुरेख, पण आत हुकांची रांग आणि वर चेन, ते एकटीने होत नाही. नव्या नवऱ्या लाजतात. म्हाताऱ्या म्हणतात, सून आहे, पण तिला पाठ दाखवायची नाही. तुम्ही काय म्हणाला होतात?

मॅडम: "आहेत की."

टेलरताई: आणि किती ठसक्यात म्हणालात! मग काल कुठे गेले होते मिस्टर? कामाला?

मॅडम: नाही.

टेलरताई: बरं नव्हतं?

मॅडम: नाही हो. ते माझ्याकडे राहत नाहीत. दोन वर्षं झाली.

टेलरताई: दोन वर्षं?

मॅडम: हाच. हाच चेहरा नको होता मला, म्हणून खोटं बोलले. आरशात दिसतोय तुमचा.

टेलरताई: तोंडात टाचण्या धरल्या की माझा चेहरा असाच होतो. तुमच्यासाठी म्हणून काही वेगळा केलेला नाही. हात वर करा. वर म्हणजे जातील तेवढे.

मॅडम: एवढेच जातात.

टेलरताई: राहू द्या मग. कात्री लावली तर आत्ता मोकळ्या व्हाल. लावू?

मॅडम: कापू नका.

टेलरताई: परत घालणार आहात?

मॅडम: माहीत नाही. पण कापू नका, ताई. उसवता येईल ना?

टेलरताई: येईल. वेळ लागेल. एकेक टाका काढायचा म्हणजे बोलत बोलतच काढावा लागतो, नाहीतर डोळे शिणतात. तेव्हा बोला. दुसरी कोणी होती का?

मॅडम: तुम्ही अगदी सरळच विचारता.

टेलरताई: पाठीमागे उभं राहून विचारते ना, म्हणून जमतं.

मॅडम: दुसरी असती तर बरं झालं असतं. लोकांना सांगायला तरी सोपं. चार जणी माझ्या बाजूने बोलल्या असत्या. तसं काहीच नाही. भांडण नाही, आवाज नाही. निवृत्त झाले, महिनाभर घरी बसले, आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "मला जरा एकटं राहून बघायचंय." जरा! मला वाटलं, आठ दिवस कुठे फिरून येतील. त्यांनी खोली घेतली भाड्याने. नदीपलीकडे. शर्टाला इस्त्री स्वतः करतात म्हणे.

टेलरताई: आणि तुम्ही कोणाला काही सांगितलं नाहीत.

मॅडम: काय सांगू? ऑफिसात कोणाला माहीत नाही. शेजारी विचारतात, साहेब दिसत नाहीत, मी म्हणते, मुलाकडे असतात. मुलगा लांब आहे, त्याला ठाऊक आहे, तो विषय काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

टेलरताई: मुठीचं ठीक आहे हो. पाठीचं काय? काल चेन लावली कोणी?

मॅडम: घरून तशीच निघाले. हुक उघडे, चेन उघडी, वरून शाल. टॅक्सीत पाठ टेकून बसले, दिसू नये म्हणून. हॉलवर पोचल्यावर बायकांच्या बाथरूममध्ये एक मुलगी ओठ रंगवत होती, तिला म्हटलं, जरा लावतेस का? तिने गुडघा लावून ओढली. ना तिने नाव विचारलं, ना मी. चेन लावून झाल्यावर पाठीवर थाप मारली नि म्हणाली, "एक नंबर!" ताई, मला तिथेच भरून आलं. किती दिवसांनी कोणाचा तरी हात लागला होता अंगाला.

टेलरताई: हं.

मॅडम: ऐकताय ना?

टेलरताई: ऐकतेय. धागा बारीक आहे, एवढंच. मग? तेही आले होते लग्नाला?

मॅडम: त्यांच्याच पुतणीचं लग्न, येणारच. म्हणून तर हा ड्रेस शिवला. दुसरं काय कारण होतं माझं? जुने कपडे का नव्हते? मला वाटलं, ते बघतील तेव्हा मी खचलेली, सुटलेली दिसायला नको. दोन वर्षांत कंबर गेली, पोट आलं. एकटं माणूस उभ्या उभ्या खातं नि पातेल्यातूनच खातं. ते सगळं आत दाबून टाकायचं होतं.

टेलरताई: पाहुणे यायच्या आधी सगळा पसारा कपाटात कोंबून वरून दार लावावं, तसला कपडा आहे हा. दाराशी मात्र कोणीतरी रेटून उभं राहावं लागतं. बघितलं का त्यांनी?

मॅडम: बघितलं. फोटोला आम्हाला शेजारी उभं केलं. सगळ्यांसमोर नवरा-बायको. हळूच म्हणाले, "छान दिसतेस गं." आणि मी मूर्खासारखी खूश झाले. श्वास घेता येत नव्हता, पण खूश.

टेलरताई: त्यात मूर्खपणा काय? हौस असते माणसाला.

मॅडम: पुढचं ऐका. निघताना म्हणाले, सोडतो घरी. सोडलं. वाटेत दोघंही गप्प. खाली गाडी थांबवली, नि माझ्या पाठीकडे बघून म्हणाले, "याला मागून चेन आहे. तुला जमायची नाही." तीस वर्षं त्यांनीच लावल्या नि काढल्या ना माझ्या चेना! माहीतच आहे त्यांना. हुक कुठे अडकतो, कुठे चिमटा बसतो, सगळं.

टेलरताई: मग?

मॅडम: म्हणाले, "येऊ का वर? तेवढी चेन काढून देतो नि जातो."

टेलरताई: आणि तुम्ही?

मॅडम: म्हटलं, नको. जमतं मला.

टेलरताई: अगं वेडाबाई! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हाच. माणूस आपण होऊन वर येतो म्हणत होता. आणि तू दाराला दोरी बांधत बसलीस?

मॅडम: "नि जातो" म्हणाले ना.

टेलरताई: म्हणजे?

मॅडम: ते शेवटचं म्हणाले नसते तर मी नाही म्हटलं नसतं. नुसतं "येऊ का वर?" एवढंच विचारलं असतं तर. पण चेन उघडायची, दारात चपला घालायच्या, नि पुन्हा ते दार लागल्याचा आवाज ऐकायचा. एकदा ऐकलाय मी तो. तो आवाज ऐकण्यापेक्षा रात्रभर काड्या टोचल्या तरी चालतील, असं वाटलं मला. हसा आता.

टेलरताई: नाही गं. आता नाही हसू येत. हलू नकोस, चेन सुटत आलीय.

(कोटाच्या खिशातला फोन वाजतो. कोट लांब खुंटीवर आहे.)

टेलरताई: तुझाच वाजतोय. काढून देऊ? थांब, तुझा हात वर जाणार नाही. मीच धरते. कुठलं बटण? हे? मोठ्याने झालं वाटतं.

फोनवरचा आवाज: हॅलो? अगं, मी.

मॅडम: हं. बोला.

फोनवरचा आवाज: ऑफिसात पोचलीस?

मॅडम: निघतेय.

फोनवरचा आवाज: अच्छा. काही नाही, सहज केला. काल ती चेन… निघाली का?

मॅडम: निघाली.

फोनवरचा आवाज: निघाली ना? नाही, मी खाली गाडीत होतो थोडा वेळ. तुझ्या खोलीतला दिवा काही बंद होईना.

मॅडम: वाचत बसले होते.

फोनवरचा आवाज: हां. वाचतेस अजून रात्रीची. मला वाटलं, अडकली असेल.

मॅडम: नाही.

फोनवरचा आवाज: बरं. मग ठेवू?

मॅडम: अहो…

फोनवरचा आवाज: काय?

मॅडम: तुम्ही वर का नाही आलात? दिवा दिसत होता तर?

फोनवरचा आवाज: तू नको म्हणालीस ना.

मॅडम: हो. म्हटलं होतं.

फोनवरचा आवाज: आणि खरं सांगू? वर आलो असतो, तर पुन्हा निघताना मलाच जड गेलं असतं. इथे आता माझं जरा बसलंय. सवय झालीय. तू समजून घेशील.

मॅडम: हो.

फोनवरचा आवाज: काही लागलं तर फोन कर.

मॅडम: करते. ठेवा.

टेलरताई: ठेवला त्यांनी. फोन इथे मशीनवर ठेवते बघ.

मॅडम: हं.

टेलरताई: चेन सुटली. आता फक्त हुक. वरून खाली काढत येते. हा एक… पोट आत ओढून धरू नकोस गं, आता कोण बघतंय? सोड. सैल सोड. हां. हा शेवटचा. घे श्वास. घे. आणखी एक. पाठीवर काड्यांचे वळ उठलेत नुसते. तेल लाव घरी गेल्यावर. जिथे हात पोचेल तिथे लाव. रडतेस का?

मॅडम: नाही. श्वास आला एकदम.

टेलरताई: श्वासाबरोबर येतं कधी कधी. हा माझा गाऊन घाल तोवर, धुतलेला आहे. पुढून बटणं आहेत.

मॅडम: तुमच्या सगळ्याच कपड्यांना पुढून बटणं असतात का? परवाही पुढूनच होती.

टेलरताई: सगळ्यांना. आमचे हे गेले तेव्हापासून. मागच्या सगळ्या चेना मी एका दुपारी बसून उसवल्या. आधी उसवताना रडले, मग कापड पुरेना म्हणून चिडले, नि शेवटी बटणं कुठली लावायची या विचारात रात्र झाली. तेव्हापासून तो प्रश्न विचारते मी बायकांना. तुला काय वाटलं, शिवणकामाच्या पुस्तकात लिहिलाय?

मॅडम: तुमचे तरी देवाघरी गेले. माझे नदीपलीकडे आहेत.

टेलरताई: हं. तुझं कठीण आहे. माझ्या दाराकडे बघण्यात अर्थच नव्हता, म्हणून मी सुटले. तू अजून बघतेस.

मॅडम: फार एकटं वाटतं हो, ताई. दिवसभर ऑफिसात बोलत असते, सह्या देत असते, नि घरी आले की माझाच आवाज मला नको होतो. कपडे बदलताना सुद्धा वाटतं, काय घाई आहे? काल त्या बाथरूममधल्या मुलीला मी म्हणणार होते, थोडा वेळ थांब. कशाला थांब, ते सुचेना, म्हणून नाही म्हटलं.

टेलरताई: बस जरा. पाणी पी.

मॅडम: ऑफिस…

टेलरताई: ऑफिस कुठे पळत नाही. मी सांगू का तुला, तुझं खोटं मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. ज्यांना खरंच कोणी असतं ना, त्या बायका विचार करतात. म्हणतात, आहेत, पण वेळेवर मिळतील तर शपथ! तू लगेच म्हणालीस. चुकलंच माझं.

मॅडम: तुमचं कसं चुकेल?

टेलरताई: बरं, ते असू दे. हा निळा आता काय करू? अस्तर फाटलंय थोडं, ते शिवते. चेन पूर्ण उसवलीय, नवीनच बसवावी लागेल. काड्या काढून टाकू?

मॅडम: राहू द्या काड्या. छान दिसतो तो. छान दिसते मी त्यात.

टेलरताई: दिसतेसच. मग आता माझा ठरलेला प्रश्न. पुन्हा पहिल्यापासून. घरी मागची चेन लावायला कोणी आहे का?

मॅडम: …

टेलरताई: सावकाश सांग. उद्या सांगितलंस तरी चालेल.

मॅडम: नाही. कोणी नाही.

टेलरताई: बरं.

मॅडम: बाजूला घ्या. डाव्या. उजव्या हाताने लागेल अशी. आणि आतले हुक?

टेलरताई: तेही बाजूला आणते. थोडी खटपट आहे, पण होईल. पाठ सपाट दिसेल आता, चेन नसल्यामुळे. उद्या संध्याकाळी ये. घालून बघू, मी लावून देते.

मॅडम: नको, मीच लावून बघेन. तुम्ही फक्त समोर उभ्या राहा.