धाकटीच्या हाताचा गुण

दवाखान्यात रिपोर्टच्या रांगेत मास्तरांच्या मागे दोघी बहिणी उभ्या होत्या. मास्तर काही मुद्दाम ऐकत नव्हते, पण कानांना झाकण नसतं.

“काय म्हणाले डॉक्टर तुझ्या सासूबाईंबद्दल?”

“जंतू हट्टी झालाय म्हणे. असलं काही एन्झाइम सोडतो की औषधाचेच तुकडे पडतात.”

“पण गोळ्यांनी उतार पडला होता ना?”

“पडला होता की. तिसऱ्या दिवशी उठून बसल्या आणि घरभर सांगत सुटल्या, धाकटीच्या हाताला गुण आहे. गोळ्या जाऊबाईंनी आणलेल्या ना. नऊ वर्षं त्यांचं हवं-नको मी बघतेय, त्याचं काही नाही.”

“मग?”

“मग चौथ्या दिवसापासून मी माझा काढा सुरू केला.”

“आणि गोळ्या?”

“आहेत डब्यात. सात दिवसांच्या होत्या.”

“अगं, डॉक्टरांना सांगितलंस का हे?”

तेवढ्यात धाकटी जाऊ लगबगीने आली.

“वहिनी, डॉक्टर म्हणतात, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की असलेच जंतू मागे उरतात आणि वाढतात. मी ठणकावून सांगितलं, आमच्या वहिनींनी एकही चुकवली नसेल. येते हं, सासूबाईंपाशी कोणी नाही.”

ती वळून गेली. रांग एक पाऊल पुढे सरकली.

“बघितलंस? इथेही चांगली तीच ठरली.”