मोजे घालून रोटी होत नाही

बसा भाऊ. लिहाचं ते लिहा, पण ही रोटी वाढली ताटात, गरम हाये तोवर खात खात लिहा. मी खाप्याची. कन्हान नदीच्या काठावर आमचं घर, आई लग्नाकार्यात लांब रोट्या कराले जाय, तिच्या मागं मीबी. पीठ इतकं मळाचं का ते रबरावानी ताणलं पाहिजे, मंग उघड्या हातावर घ्याचं, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवाचं आन उलट्या मटक्यावर टाकाचं. लाटणं नाही, पोळपाट नाही, जे हाये ते हातात हाये.

लग्न होऊन नागपूरले आली, इथंबी रोट्यायच्या ऑर्डरी घ्याले लागली. नवरा टेम्पो चालवे. तो आजारी पडून मेला, मंग माही तपासणी केली तं मलेबी एचआयव्ही निघाला. काय सांगू तुम्हाले, लोकायले एकच पडलं, कोठून आला, कोठून आला. नवऱ्यापासून आला. त्याले कोठून आला ते त्याले विचारा, सापडला तं मलेबी सांगजा. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या रोज घेते, ठणठणीत हाये, पिठाची परात एकटी उचलते. पण वस्तीत बातमी फुटली आन रोट्यायच्या ऑर्डरी बंद. शेजारची कमलाबाई, जिच्या पोरीच्या लग्नात मी चुलीपाशी घाम गाळला, ते म्हणे, तुह्या हातचं नको वं आता, पाहुणे नावं ठेवतीन. मटका घरामागं पडून राहिला, त्यावर कोंबड्या बसे.

मंग शहरातल्या सदर भागातून एका संस्थेचे साहेब आन मॅडम आले, जनजागृती करत फिरून राहिले होते. म्हणे ताई, आमच्या कार्यक्रमात स्टेजवर बसा, वाटलं तं तोंडाले ओढणी बांधा. मी म्हटलं काहून बांधू, मी काय चोरी केली? भाषण मले जमत नाही, मी सगळ्यायले जेवाले घालते. मले वाटलं, यायनं चारचौघात माही रोटी खाल्ली का वस्तीबी खाईन, माहा धंदा परत उभा राहीन. साहेब म्हणे वा वा, क्या बात है.

समाजभवनात साहेब काय बोलले, काय बोलले! असुरक्षित संबंधातून होते, दूषित सुईतून, रक्तातून होते, आईनं गोळ्या घेतल्या नाही तं बाळाले होऊ शकते. हात लावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. टाळ्या. एक शब्द खोटा नाही. मी बाहेर मटका तापवून राहिली होती, तेवढ्यात मॅडमनं हळूच मह्या हातात प्लास्टिकचे हातमोजे दिले. म्हणे ताई, तसं काही नसते, पण लोकायले बरं वाटते नं.

पहा बरं! माइकवर एक आन चुलीपाशी एक. म्हटलं बरं, घालते. पीठ मोज्याले चिकटून लोंबाले लागलं, मटक्यावर टाकलं तं रोटीसंगं मोजाबी गेला, जळला, असा घाण वास सुटला का आतले सारे बाहेर. मले माहीत होतं असंच होईन. दुसरा मोजा काढून मॅडमच्या हातात ठेवला, म्हटलं हा तोंडाले बांधा, तुम्हाले कामी येईन.

मटका साफ केला, हात धुतले, उघड्या हातानं रोटी टाकली. साहेब, बसा म्हटलं. साहेबाले तवाच फोन आला. मॅडमले उपास आठवला, आन सकाळी मह्यासमोर समोसा खाल्ला होता त्यायनं. गर्दीतून कमलाबाई तेवढी पुढं आली. तिले राग आला का लाज, कोणाले ठाऊक. म्हणे आण वं इकडं, आन जमिनीवर बसून खाल्ली, वरतून म्हणे मीठ कमी हाये. तिले मी अजून माफ नाही केलं, पण तिच्या नातवाच्या बारशाच्या रोट्या मीच केल्या. मंग दुसऱ्यायच्या ऑर्डरी आल्या, सगळ्यायच्या नाही.

संस्थेवाले अजून येते, फोटो पाहिजे म्हणे. मी म्हणते आधी खा, मंग काढा. फोटो अजून निघाला नाही.

आन तुम्ही भाऊ, तवापासून लिहून राहिले, मान डोलवून राहिले. रोटी थंडी झाली, तुकडाबी तोडला नाही तुम्ही. खासान तं सुखात राहा, लेकराबाळाले आशीर्वाद. नाही तं ते कागद द्या इकडं, चूल पेटवाले कामी येतीन.