दोन पकडी

मनुबाई – आवं इहीणबाई, उंबऱ्यावर काय बसलाय? आत या. खाटंवर बसा.

धोंडुबाई – हितंच बरं हाय. वारं लागतंय.

मनुबाई – ह्या उनात कुठलं आलंय वारं? घामानं पदर भिजलाय तुमचा. म्हसवडातनं चालत आलासा का काय?

धोंडुबाई – वळणापतुर रिक्षा मिळाली. पुढं आले चालत.

मनुबाई – मग पाणी तरी घ्या. तांब्या कवाचा पुढं ठिवलाय.

धोंडुबाई – पाणी मागनं. मल्हार कुठाय?

मनुबाई – मेंढरांना औषध पाजतोय. का? आणि काय हरवलं का तुमच्या घरातलं?

धोंडुबाई – असं बोलू नगा, इहीणबाई.

मनुबाई – मग कसं बोलू? जावयानं फौजेतनं हौसंनं आणल्याली पक्कड तुमच्या जागरणाच्या दिवशी माझ्या पोरानं उचलली. कबूल केलं, मागनं आणून दिली. भावकी बसली हुती, तिच्यापुढं मीच त्याला तुमच्या पाया पडाय लावलं. तवापास्नं तुमी हिकडं फिरकला न्हाईसा आन् आमी तिकडं. आज एकाएकी आलासा, म्हणून इचारलं.

धोंडुबाई – आवतान घिऊन आले. ऐतवारी नातवाचं जावळ काढायचंय.

मनुबाई – आमच्या सोनियानं सांगितलं फोनवर. तुमच्या भावकीतला आकाराम मामा म्हणून बसणार म्हणं.

धोंडुबाई – मी ठरवलं हुतं तसं. तुमची लेक ऐकंना. म्हणती, माझा भाऊ जित्ता असताना माझ्या लेकाचे केस दुसऱ्याच्या मांडीवर निघणार न्हाईत. न्हाव्याला सांगून ठिवलंय, मांडव सांगितलाय, आन् ही पोराला पदराखाली घिऊन बसलीया.

मनुबाई – तिची समजूत मी काढते. तुमी आकारामलाच बसवा. चोराच्या मांडीवर नातू बसवून तुमी तरी काय तोंड दाखवणार?

धोंडुबाई – त्योच शब्द नगा हो काढू सारखा.

मनुबाई – तुमीच शिकवला की आमाला.

मल्हार – आई, दारात चपला कुणाच्या… आत्या? कवा आलासा? थांबा, पाया पडतो.

धोंडुबाई – नगं! नगं रं पोरा. लांब हो. माझ्या पायाला हात लावू नगंस.

मनुबाई – बघितलंस? हात लागलेला बी चालत न्हाई तुझा. आन् म्हणं आवतान द्याय आल्यात.

धोंडुबाई – तसं न्हाई वो… कसं सांगू मी? वाटंनं सगळं जुळवून आले हुते. असं म्हणायचं, मग तसं म्हणायचं. हितं आले आन् सगळं इसारले.

मल्हार – आत्या, आधी पाणी प्या. सोनिया बरी हाय न्हवं?

धोंडुबाई – बरी हाय. तूच इचारणार तिचं. तिच्यापायीच केलंस न्हवं सगळं तू?

मल्हार – काय केलं मी?

धोंडुबाई – ही पिशवी धर. उघड. मला उघडवत न्हाई.

मनुबाई – काय हाय तिच्यात? दाव हिकडं. पक्कड. आन् ही… ही बी पक्कडच. दोन?

धोंडुबाई – व्हय. दोन.

मनुबाई – जावयबापूंनी आणि एक आणली का?

धोंडुबाई – त्यानं एकच आणली हुती, इहीणबाई. ही काळी पडलीया, राख लागलीया, ती त्याची. ही जरा उजळ हाय ती तुमच्या मल्हारनं आणून दिलेली.

मनुबाई – मला कळंल असं बोला.

धोंडुबाई – परवा जावळासाठी हुलगं काढाय घेतलं. दोन पोरींनी डबा उचलून चादरीवर पालथा केला. हुलगं पडलं, राख पडली, आन् राखंतनं ही खणकन खाली आली.

मनुबाई – हुलग्यात पक्कड?

धोंडुबाई – तुमी बी ठिवताय की हुलगं राखंत, किडा लागू ने म्हणून. जागरणाच्या दिवशी तेलाचा डबा रिकामा झाला. म्हणलं, चांगला पत्र्याचा डबा हाय, हुलग्याला हुईल. सगळी गडीमाणसं बाहेर वाघ्या-मुरळीम्होरं बसल्याली. मग मीच ही पक्कड घिऊन तिच्यातल्या पात्यानं डब्याचं तोंड सगळं कापून काढलं. तेवढ्यात तळी उचलाय हाक आली. पोरंसोरं हिंडत्यात, कुणाचा हात कापंल, म्हणून मी ही डब्यातच टाकली आन् पळाले. सांजच्याला तेल टिपाय चुलीतली टोपलीभर राख ओतली त्यात. दुसऱ्या दिशी त्याच्यावरच पोतं ओतलं.

मनुबाई – कुणी ओतली राख?

धोंडुबाई – मीच.

मनुबाई – आन् हुलगं?

धोंडुबाई – मीच वो. आता किती येळा वदवून घेताय माझ्याकडनं?

मल्हार – आई, ऱ्हाऊ दे.

मनुबाई – काय ऱ्हाऊ दे? मला अजून उमगंना झालंय. ही त्यांच्या डब्यात हुती, मग तू काय परत केलंस?

मल्हार – जाऊ दे की आता.

मनुबाई – मल्हार, तू काय परत केलंस?

मल्हार – ऑनलाइन मागवली. तसलीच. फोटू हुता माझ्याकडं, जागरणाच्या दिवशी दाजींनी हातात दिली तवा काढलेला. जरा दगडावर घासली, मातीत चोळली. जुनी वाटावी म्हणून.

मनुबाई – म्हंजी तू घेतलीच न्हवतीस?

मल्हार – न्हाई.

धोंडुबाई – आन् मला तवाच कळाय पायजे हुतं. माझा धनाजी म्हणला बी, आई, हिची डबा कापायची चाकी जाम हाय, माझी तर बोटानं फिरायची. मी काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, चोराच्या हातात गेली, त्यानं नास केला आसंल. पोरगं गप बसलं. माझ्याम्होरं कोण बोलतंय घरात?

मल्हार – चाकी म्हंजी, आई, हे बघ. हितं डबा कापायचं पातं हाय. ही चाकी फिरवली की ते पुढं-मागं हुतं. दुधाच्या पावडरीचा बारका डबा आसंल तर असं, तेलाच्या डब्याची जाड कड आसंल तर…

धोंडुबाई – फिरवू नगंस!

मल्हार – का वो?

धोंडुबाई – हाय तशी ऱ्हाऊ दे. जाड कडंवर लावलीया बघ ती. मी लावलीया. दाजी तुझा शिकवत हुता, आई अशी फिरव, तशी फिरव, आन् मी हसत हुते, का ह्या वयात मिल्ट्रीत भरती करतोस का मला. राखंतनं उचलली आन् पैली नदर चाकीवर गेली. तवा आठवलं सगळं. त्याच्या आधी म्हणाय मन धजत हुतं, की कुणीतरी आणून टाकली आसंल डब्यात. चाकी बघितली आन् ते बी सरलं.

मनुबाई – त्या दिवशी तुमी त्याच्याम्होरं बेलभंडारा ठिवला हुता. म्हणालासा, खरा असशील तर उचल. ह्यानं उचलला न्हाई. म्हणून तर मी… का न्हाई उचललास रं?

मल्हार – काय करायचंय आता ते?

मनुबाई – मी इचारतीया.

मल्हार – आत्या म्हणत हुत्या, घरातलं माणूस कशाला चोरंल? बाहेरचंच कोणतरी. चुलीकडं बाहेरची म्हणाय दोघंच हुतो. मी आन् सोनिया.

धोंडुबाई – सोनिया बाहेरची? माझी सून हाय ती!

मल्हार – त्या दिवशी न्हवती, आत्या. तुमी माझ्याकडं बघत हुता आन् मधनंच तिच्याकडं. मी भंडारा उचलून मोकळा झालो असतो, पर मग ताट कुणाच्या म्होरं आलं असतं? तिला नांदायचं हुतं तिथं. मला काय, मेंढरं घिऊन डोंगराला गेलो की कोण इचारतंय.

धोंडुबाई – ऐकलंसा, इहीणबाई? आन् ह्या पोराला मी साऱ्या भावकीत… सोयरीक मोडली न्हवं त्याची? मला कळलं हुतं. मी म्हणाले, बरं झालं, पोरीचं नशीब. माझी जीभ झडली कशी न्हाई!

मल्हार – आत्या, रडू नगा. तुमाला आठवलं न्हवतं. मुद्दाम थोडंच केलंसा?

धोंडुबाई – मुद्दाम न्हाई केलं. पर गोड लागलं हुतं मला. सुनंच्या माहेराला खाली बघाय लावलं, ते गोड लागलं. दोन रात्री झाल्या, तेच खातंय मला. धनाजीला फोन केला. म्हणला, आई, तू स्वता जा. फोनवर हे मिटायचं न्हाई. म्हणून आले. पोरा, माझी चूक झाली. तू चल ऐतवारी. नातवाला मांडीवर घे. सारी बघतील, मामाच बसलाय म्हणतील, आन् मिटंल आपुआप.

मनुबाई – बघतील आन् मिटंल? म्हंजी कुणाला सांगणार न्हाईसा?

धोंडुबाई – सांगायचं काय त्यात? सोयरं आलेलं असतंय, जावा असत्यात, गाव असतंय. तुमी समजून घ्या की. ह्या वयात…

मनुबाई – ह्याला चोर म्हणताना गाव न्हवतं?

मल्हार – आई, तू थांब. आत्या, मी येणार न्हाई.

धोंडुबाई – मल्हार!

मल्हार – माफी मागितलीसा, माझं काय म्हणणं न्हाई. घरात बसून मी आयुष्यभर चोर ऱ्हाईलो तरी चाललं असतं. पर भाच्याला मांडीवर घ्यायचं म्हणजे… उद्या पोरगं मोठं हुईल. खेळताना कोणतरी म्हणंल, तुझं जावळ चोराच्या मांडीवर निघालं. त्यानं काय करायचं मग? सोनियाला इचारंल. ती काय सांगंल? तिला बी खरं ठावं न्हाई.

धोंडुबाई – तिला बी सांगितलं न्हाईस?

मल्हार – न्हाई. तिच्या तोंडातनं गेलं असतं भांडताना.

धोंडुबाई – ती बी तुला चोरच समजत हुती? आन् तरी पोराला पदराखाली घिऊन…

मल्हार – भण हाय ती.

मनुबाई – इहीणबाई, पाणी घ्या.

धोंडुबाई – न्हाई. अजून न्हाई घशाखाली उतरायचं. मल्हार, ती काळी पक्कड हिकडं दे. फडक्यात गुंडाळ. पुसू नगंस, राख ऱ्हाऊ दे. आन् चाकीला हात लावू नगंस.

मल्हार – काय करणार तिचं?

धोंडुबाई – मांडवात दावणार. न्हावी बसायच्या आधी तळी उचलायची असती. तवा भंडारा हातात घेणार आन् सांगणार. कुणाच्या डब्यात घावली, कुणी कापला डबा, कुणी ओतली राख, सगळं. ज्या ताटात तुझ्याम्होरं भंडारा ठिवला, त्याच ताटात ही ठिवीन. आकारामला म्हणीन, तू बी बघ बाबा, चाकी कुठं लावलीया. मग तू बसशील, मल्हार?

मल्हार – तुमाला जमंल? लय माणूस असतंय.

धोंडुबाई – न्हाई जमलं तर तू उठून जा. पोराला घिऊन जा. सोनियाला बी घिऊन जा. मी आडवी येणार न्हाई.

मल्हार – मग येतो.

धोंडुबाई – आन् ही नवी तुझी हाय. ठिव तुला.

मल्हार – दाजींना द्या. जाम चाकीला तेल सोडलं की फिरंल.

धोंडुबाई – तूच सोड तेल आन् तूच दे त्याला. सुट्टी काढून येणार हाय ऐतवारी. द्या तो तांब्या, इहीणबाई. आता पिते.

(धोंडुबाईला वळणापर्यंत सोडून मल्हार परत येतो.)

मनुबाई – रिक्षा मिळाली?

मल्हार – मिळाली. आई, चहा ठिव की. न्हाईतर ऱ्हाऊ दे, औषध पाजायचं ऱ्हायलंय.

मनुबाई – बस जरा.

मल्हार – काय?

मनुबाई – मला तरी सांगायचं हुतंस. आई हाय मी तुझी.

मल्हार – सांगणार हुतो. तुला निरोप आला त्या रात्री. पर तू इचारलंस कुठं? आल्या आल्या कानफटात दिलीस. म्हणलीस, उद्या सकाळी पाया पडायचं.

मनुबाई – मला वाटलं… एवढी माणसं म्हणत्यात तर…

मल्हार – व्हय. एवढी माणसं म्हणत हुती.

मनुबाई – त्या इहीणबाईला मी मघाशी किती बोलले. ती तर परकी. ती दोन दिसांत उनातनं चालत आली. मी ह्याच घरात हुते. तुला रोज भाकरी वाढत हुते.

मल्हार – जाऊ दे, आई.

मनुबाई – तुला दिसली हुती न्हवं किल्ली? ट्रंकंची. तुझ्यावर आळ आल्यावर मी खुंटीवरनं काढून कमरंला लावलेली.

मल्हार – दिसली हुती.

मनुबाई – कवा?

मल्हार – त्याच दिवशी.

मनुबाई – आन् काय बोलला न्हाईस.

मल्हार – काय बोलायचं हुतं?

मनुबाई – धर. खुंटीला अडकव ही.

मल्हार – ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मला काय लागती ट्रंक? आन् आता सवय झालीया.

मनुबाई – न्हाई रं. घे ती. कवाधरनं टोचतीया.